पहिल्या दिवसाची कॅसेट

१

"शरदे, मास्तरांकडे बघत बसू नकोस गं. मागं पाहुणा बसलाय म्हटल्यावर मास्तर आवाज चढवणारच. तू मुलांकडे बघ. शिकवणं मास्तरांच्या तोंडात नसतं, मुलांच्या डोळ्यांत असतं."

मृणालिनीबाईंनी हे सांगितलं तेव्हा शरदिनी नुकती नोकरीला लागली होती आणि पहिल्यांदाच दुसऱ्याचा वर्ग तपासायला निघाली होती. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शरदिनी स्वतः अध्यापनशास्त्राची प्राध्यापक होऊन निवृत्तही झाली. पण परक्या वर्गाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की तो आवाज हटकून कानाशी यायचा. या खेपेला मात्र तो आला नव्हता. का आला नाही ते पुढं कळलं, आणि कळलं तेव्हा तिला मान वर करवली नाही.

पितृपक्ष चालू होता. पूर उतरला होता, पण दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर गाळ तसाच होता. गंगाजळाचा तांब्या पदराखाली धरून शरदिनी गल्ली चढून आली, तर दाराशी नीलकंठराव उभे. मृणालिनीबाईंचे हे एकुलते चिरंजीव, राहायला दोन गल्ल्या पलीकडे. बाईंनी कष्टानं उभं केलेलं विद्यापीठाचं अध्यापक प्रशिक्षण केंद्र आता तेच चालवत होते.

"दादा, बाहेर का उभे? आत या."

"तुझं सोवळं मोडेल."

"मोडायला ते काय पापड आहे? या."

नीलकंठराव बसले. पाणी नको म्हणाले. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "शरू, केंद्रात चोरी झाली."

"काय गेलं?"

"एक कॅसेट. विश्वेश्वर लघाट्याची, शेवटच्या दिवसाची."

शरदिनीनं तांब्या तसाच जमिनीवर टेकवला. कारण त्या कॅसेटचं मोल तिला चांगलंच ठाऊक होतं. कॉलेजांतले प्राध्यापक महिनाभर केंद्रात येऊन शिकवायला शिकत. या शिकण्यानं खरोखर काही फरक पडतो का, हे बघायला दिल्लीहून समिती यायची होती. म्हणून यंदा प्रत्येकाचा एक छोटा पाठ पहिल्या दिवशी व्हिडिओवर घेतला होता आणि एक शेवटच्या दिवशी. दोन्ही जोडीनं बघायचे आणि फरक सांगायचा. ते सांगायचं काम बाहेरची जाणती म्हणून शरदिनीकडे आलं होतं. गेला आठवडाभर ती कॅसेटी बघत होती. पहिल्या दिवशी चाचरणारी, फळ्याशी बोलणारी माणसं शेवटच्या दिवशी अशी खुलली होती की तिला भरून आलं होतं. अहवालाच्या मसुद्यात तिनं 'कायापालट' हा शब्द लिहिला होता, आणि तोही तिला तोकडा वाटला होता. राहिली होती ती फक्त विश्वेश्वरची जोडी.

"चोर कोण, ते उघड आहे," नीलकंठराव म्हणाले. "तोच. शेवटचा पाठ पहिल्याहून वाईट झाला. वर्षानुवर्षं हंगामी नोकरीत आहे बिचारा. आमचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर कायम होत नाही. लाजेनं पळवली. मी त्याच्या प्राचार्यांना फोन करून सांगितलंय तसं."

"दादा, माझा चातुर्मासाचा नेम आहे. माणूस समोर नसताना त्याचं वाईट बोलायचं नाही, ऐकायचंही नाही."

"इथं केंद्र बुडायची वेळ आलीये आणि तुझं नेमाचं काय गं! समिती परवा येतेय. तू गोड बोलून मागितलीस तर तो देईल. फक्त सरळ माझ्या हातात आणून दे. मधे कुणी बघायला नको."

ते उठले, आणि दाराशी जाऊन वळले.

"एक विचित्र आहे. त्याची डबी रिकामी नव्हती. आत कॅसेट होती."

२

"चोर बड़ा चालाक निकला, दीदी," कपाट उघडत मोहन म्हणाला.

केंद्रातलं व्हिडिओचं यंत्र मोहन सांभाळत असे. बनारसी माणूस, तोंडात पान, दंडावर हळदीत भिजवलेला अनंताचा दोरा.

"अनंत अजून बांधलेला आहे वाटतं?" शरदिनीनं सहज विचारलं.

"चौदह दिन तो रहेगा. अम्मा बिगड़ेंगी नहीं तो." त्यानं डबी तिच्या हातात दिली. डबीवर विश्वेश्वरचं नाव, शेवटच्या दिवसाची तारीख. आतली कॅसेट कोरी, नव्या प्लॅस्टिकचा वास येणारी. "लगाया तो परदे पर कुछ नहीं. खाली. किसी को पता न चले, इसलिए दूसरा रख गया."

शरदिनीनं कपाटात पाहिलं. खालच्याच फळीवर केंद्राच्या कोऱ्या कॅसेटींची थप्पी रचलेली होती. निळ्या पट्टीच्या, सगळ्या एकाच कंपनीच्या. तिच्या हातातली लाल पट्टीची होती.

"ही आपल्यातली नाही?"

"ना. ई त बाजार का माल है."

शरदिनीनं कॅसेट उलटसुलट करून पाहिली. चोरी झाकायची होती, तर हाताशी थप्पी पडलेली. त्यातली एक उचलून डबीत सरकवली असती तर काम भागलं असतं. हा चोर बाजारात गेला होता, नवी विकत घेऊन आला होता. का बरं? तिनं तो प्रश्न पदराला गाठ मारून ठेवावा तसा मनात ठेवला.

"किल्ली कुठं असते?"

"यहीं कील पर. आखिरी दिन शाम को सब बरामदे में कचौड़ी-जलेबी खा रहे थे. दूसरे दिन भी प्रमाणपत्र के कागज़ को लेकर आना-जाना लगा था. कोई भी ले सकता था."

"विश्वेश्वरनं त्या दिवशी शिकवलं कसं, मोहन? तू तर कॅमेऱ्यामागंच होतास."

मोहननं फडकं घेतलं आणि स्वच्छ यंत्र पुन्हा पुसायला लागला. "दीदी, हम तस्वीर देखते हैं. कौन क्या बोला, कान में जाता ही नहीं."

शरदिनी निघाली. पण जाता जाता तिची नजर त्याच्या गळ्याकडे गेली. कानाला लावून प्रत्येक शब्द नीट ऐकायचे, आवाज बारीक-मोठा करायचे ते काळे हेडफोन मोहनच्या गळ्यात लोंबत होते.

३

लतिका वसतिगृहाच्या पायरीवर केस वाळवत बसली होती. बँकेतल्या बदलीनं बनारसला आलेल्या मराठी कुटुंबातली मुलगी. इतिहास शिकवायची. नवी नोकरी, अजून कच्ची. विश्वेश्वरच्याच तुकडीत होती. या पाठांना खरे विद्यार्थी नसत, तुकडीतलेच सहकारी बाकांवर विद्यार्थी होऊन बसत. म्हणजे विश्वेश्वरच्या शेवटच्या पाठाला लतिका समोरच होती.

"मावशी, तुम्ही? मला बोलावणं पाठवायचंत ना."

"आलेच मी फिरत फिरत. विश्वेश्वरचा शेवटचा पाठ कसा झाला गं?"

"ठीक."

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे… अच्छाच होता." तिनं केस पुढं घेऊन तोंड झाकलं. "मला नीट आठवत नाही."

"आठवडा झाला फक्त."

"मावशी, मेरी तबीयत ठीक नव्हती त्या दिवशी."

शरदिनी तिच्या शेजारी बसली. दोघी समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिल्या. मग शरदिनी हळूच म्हणाली, "त्याच्या प्राचार्यांना फोन गेलाय, की हा माणूस चोर आहे."

लतिकाच्या हातातला कंगवा पायरीवरून खाली गेला. "कुणी केला? सरांनी?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही मावशी! विश्वेश्वरजी चोर नाहीत. ऐसा कैसे बोल सकते हैं? पाठसुद्धा वाईट नव्हता त्यांचा, किती सुंदर…" ती एकदम थांबली.

"सुंदर? मग पळवावी का वाटली कुणाला?"

लतिका रडू लागली. आवाज न करता, खांदे हलवत. "मला नका विचारू. माझी नोकरी जाईल. सगळ्यांचीच जाईल. त्यांनी मला शब्द दिलाय की…"

बोलता बोलता तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले, उठली आणि आत पळाली. कंगवा तिथंच राहिला.

शरदिनीनं तो उचलून कट्ट्यावर ठेवला. मोहननं नजर चुकवली, लतिकानं चुकवली. चोरी एकानं केली असेल, पण लाजेत सगळेच होते. एका कॅसेटीच्या चोरीची इतक्या जणांना लाज का वाटावी?

४

केंद्रात परत येऊन तिनं विश्वेश्वरची पहिल्या दिवसाची कॅसेट लावायला सांगितली. तेवढी तर जागेवर होती.

आणि यंत्र चालू होता होताच तिच्या मनात पहिली गाठ सुटली. जागेवर होती! शिकवण्याची लाज वाटून कुणी कॅसेट पळवणार असेल तर सगळ्यात आधी ही पळवेल. पडद्यावर विश्वेश्वर वर्गाकडे पाठ करून फळ्याशी पुटपुटत होता. त्रिकोण काढत होता, पुसत होता, खडू पाडत होता. पाहवत नव्हतं. ही लाज त्यानं खुशाल कपाटात राहू दिली, आणि लतिका सुंदर म्हणत होती तीच नेमकी गेली. म्हणजे लपवायचं होतं ते वाईट शिकवणं नव्हे. दुसरंच काहीतरी.

विश्वेश्वरचे कान लाल झालेले दिसत होते. बिचारा, असं पुटपुटत शरदिनी पुढं वाकली, आणि त्या क्षणी तो आवाज आला. मास्तरांकडे बघत बसू नकोस.

 गेला आठवडाभर तिनं फक्त मास्तर बघितले होते. पडद्यावर माणसाचा चेहरा मोठा दिसतो, आपण त्याच्यामागं वाहत जातो. बाकांकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

आता पाहिलं. कंटाळवाण्या पाठाला बसलेली माणसं खिडकीबाहेर बघतात, जांभया देतात, शेजाऱ्याच्या कानाशी लागतात. इथं तसं कुणीच करत नव्हतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. लतिका ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती. जौनपूरचा काशीनाथ, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घातलेला आडदांड गडी, कोपर बाकावर टेकून कपाळाला हात लावून बसला होता. मयताला आलेली माणसं बसतात तसे सगळे बसले होते.

"थांबव मोहन. इथंच थांबव."

चित्र थरथरत थांबलं. काशीनाथच्या उजव्या दंडावर, बाहीच्या खाली, पिवळा-तांबडा दोरा होता. गाठी मारलेला.

शरदिनी उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. मनगटावर असता तर राखीचा म्हणता आला असता. दंडावरचा हा अनंताचा होता. अनंत चतुर्दशीला पूजेतून उचलून बांधायचा. आणि वर्ग सुरू झाले ते गोकुळाष्टमीची दहीहंडी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिला नक्की आठवत होतं, उद्घाटनाला ती स्वतः उपासाचा सुंठवडा घेऊन आली होती. अनंत चतुर्दशी तेव्हा कुठल्या कुठं होती. मधे अख्खे गणपती यायचे आणि जायचे होते.

गेल्या वर्षीचा असेल का? कुणी कुणी वर्षभर ठेवतात.

भिंतीवर उद्घाटनाची तसबीर होती. समईची वात लावायला काशीनाथच पुढं झाला होता. उजवा हात लांब केलेला, बाही वर सरकलेली. दंड उघडा. दोरा नाही.

शरदिनीनं मागं पाहिलं. मोहन कधीच उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

ही कॅसेट पहिल्या दिवसाची नव्हतीच.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेंपोनं राजघाटचा पूल ओलांडून रामनगरला गेली. तिथली महिनाभर चालणारी रामलीला सुरू झाली होती. दिवस कलायच्या आत माणसं काठी, चटई घेऊन निघण्याच्या तयारीत होती. विश्वेश्वर दरवर्षीचा नेमी, लीलेचा एकही दिवस न चुकवणारा. आज मात्र घरात अंधारात बसला होता. चाळिशी उलटलेला, किडकिडीत, बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस.

"लीलेला नाही निघालात?"

"काल गेलो होतो बाई. लोक सरकून बसले." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "रामनगर केवढं ते. प्राचार्यांच्या खोलीत फोन वाजला की पानवाल्याला कळतं. उद्यापासून वर्गावर येऊ नका म्हणालेत."

"कॅसेट तुम्हीच घेतलीत," शरदिनी म्हणाली.

विश्वेश्वरनं गळ्याचं बटण चाचपलं.

"मी सांगते, चुकलं तर सांगा. तुमच्या डबीत नवी कॅसेट होती. खाली कोऱ्यांची रास असताना बाजारातून आणलेली. फसवायचं असतं तर कुणी एवढी तसदी घेत नाही. ती झाकायला ठेवलेली नव्हती, भरपाईला ठेवली होती. विद्यापीठाची वस्तू उचलायची, तर तिच्या जागी तशी वस्तू ठेवायची. असा चोर त्या तुकडीत एकच असू शकतो, लतिकाला शब्द देणारा. पण तुम्ही का घेतलीत, ते मला कालपर्यंत उमजत नव्हतं."

"आणि आता?"

"अनंत चतुर्दशीनंतर पहिल्या दिवसाचे पाठ पुन्हा घेतले गेले. मुद्दाम वाईट."

विश्वेश्वरनं डोळे मिटले. मग बोलू लागला. सांगण्यापेक्षा ओझं उतरवत असल्यासारखा.

"पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी नीटच शिकवलं होतं, बाई. बहुतेकजण बारा-पंधरा वर्षं हेच करतोय. थोडं इकडंतिकडं, पण वाईट नाही. मग सर म्हणाले, असं चालणार नाही, फरक दिसायला हवा. एकदा नाटक म्हणून वाईट शिकवा. तुमचं काय जातं? केंद्र वाचेल, तुमची प्रमाणपत्रंही वाचतील. आम्ही हसलो. मग शिकवलं. जुन्या कॅसेटवरच नवं घेतलं."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"खडू हातात घेतला, समोर पाहिलं. काशीनाथ, लतिका, सगळे. वाटलं, यांच्यापुढं मी मूर्खाचं सोंग केलं, आता शहाण्याचं करतोय. मला राहवलं नाही. आधी सांगून टाकलं, की माझा पहिला पाठ खोटा आहे, मला सांगितलं गेलं आणि मी केला. कॅमेरा चालू होता. मग त्रिकोण शिकवला. आयुष्यात तसा कधी शिकवला नव्हता." त्यानं बोटं सदऱ्याला पुसली. "संध्याकाळी लतिका पायाशी येऊन रडली. म्हणाली, ही कॅसेट समितीनं पाहिली तर आम्हा सगळ्यांना काढतील. पोरगी नवी आहे. बाप आजारी. मी शब्द दिला, तुझ्यावर आच येणार नाही. दुसऱ्या दिवशी नवी कॅसेट आणली आणि ती उचलली."

"चोर म्हटलं तरी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर सगळं बोलावं लागलं असतं."

शरदिनीनं कॅसेट कुठं आहे ते विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "एक गंमत सांगू? त्या वर्गांचा मला उपयोग झाला होता. खरा पहिला पाठ त्यांनी मला पडद्यावर दाखवला ना, तेव्हा कळलं की मी मागच्या बाकांकडे बघतच नाही. कुणी कधी सांगितलं नव्हतं. एवढंसं होतं, पण खरं होतं. तेच पुसलं हो."

निघताना तो दारापर्यंत आला. "बाई, मला विचारलंत ते बरं केलंत. पण ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्यांना विचारलंत का, त्यांना ती कॅसेट कशाला हवी आहे?"

६

शरदिनी तडक नीलकंठरावांकडे गेली. सूर्य मावळायला अवकाश होता. दुसऱ्या कुणाजवळ हे बोलायला तिचा नेम आड येत होता, तोंडावर बोलायला येत नव्हता. तरी उंबऱ्याशी ती थबकली. या घरात ती पोर म्हणून आली होती. मृणालिनीबाईंनी तिला ताटावर बसवून जेवू घातलं होतं.

नीलकंठराव दप्तर पसरून बसले होते. "मिळाली?"

"नाही. मागितलीच नाही."

"म्हणजे?"

"दादा, काशीनाथच्या दंडावर अनंत आहे. पहिल्या दिवसाच्या कॅसेटमध्ये."

नीलकंठरावांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू उमटलं. एवढा विद्वान माणूस! जुन्या कॅसेटींवर नवं घेतलं, डब्यांवर तारखा जुन्याच ठेवल्या, माणसं पटवली, आणि सणाचा दोरा विसरला. इथं ज्याच्या त्याच्या दंडावर असतो, म्हणून डोळ्यांना दिसतच नाही.

"तुम्ही मला चोर शोधायला पाठवलं नव्हतंत," शरदिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "चोर तुम्ही आधीच ठरवला होतात. ती कॅसेट बाहेर आहे याची तुम्हाला धास्ती होती. समितीच्या आधी ती हातात यायला हवी होती, म्हणजे तीही पुसता आली असती. माझ्यावर कुणी संशय घेणार नाही, म्हणून मी."

"शरू—"

"आणि मी आले. कायापालट लिहून बसले होते मी, दादा. मी बाकांकडे बघितलंच नाही. मला माझीच लाज वाटते. पण विश्वेश्वर आज घरात अंधारात बसलाय, ती लाज त्याची नाही. ती तुमची आणि माझी आहे. तो आपल्या वाटणीची वाहतोय."

नीलकंठराव बराच वेळ दौतीच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "आईचं केंद्र," ते शेवटी म्हणाले. "बंद झालं असतं. दिल्लीवाल्यांना आकडा हवा असतो, फरक हवा असतो. महिन्याभरात माणूस केवढासा बदलतो गं? तो बदल यंत्रात मावत नाही. मी म्हटलं, खरं आहे तेच जरा मोठं करून दाखवू."

"मोठं नाही केलंत. पुसलंत. जे एवढंसं खरं होतं तेच पुसून त्यावर खोटं घेतलंत. चांगल्या मास्तरांना वाईट शिकवायला लावलंत, दादा. एकमेकांच्या देखत. ते अजून पायांकडे बघताहेत."

"पितृपक्षात रोज आईला पाणी देतो," नीलकंठराव पुटपुटले. "ओंजळीतून मधेच सांडतं. वाटलं, वय झालं."

शरदिनीला त्यांची कणव आली, पण ती तिनं आवरली. कणवेनं इथं फक्त पांघरूण पडलं असतं.

"तू काय लिहिणार अहवालात?"

"जे आहे ते. या वर्गांनी काय साधलं ते आम्हाला माहीत नाही, कारण माहीत करून घ्यायची सोय आम्हीच मोडली. याखाली सही करीन."

"आणि तुकडीतल्यांचं? लतिकाचं?"

"त्यांना ज्यानं हे करायला लावलं तोच समितीपुढं उभा राहिला तर त्यांचं नाव यायचं कारण नाही. नाही उभा राहिला, तर मात्र मला काही सांगता येणार नाही."

बाहेर कुठं तरी घंटा वाजू लागली. नीलकंठरावांनी दप्तर मिटलं. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसत होता.

"जिथं फोन केला," ते अडखळत म्हणाले, "तिथंच आधी जायला हवं. फोनवर नाही. त्याच्या कॉलेजात, सगळ्यांसमोर. कॉलेज भरायच्या वेळीच जातो उद्या. शब्द मागं घेतो. मग दुपारी समितीपुढं. सगळं माझं आहे म्हणून सांगतो." मग तिच्याकडे न बघता, "वचन देतो, शरू."

शरदिनीनं मान हलवली. चांगलं म्हटलं नाही, शाबासकी दिली नाही. अशा वचनाला रात्रभरात किती पाय फुटतात हे तिला माहीत होतं.

७

सकाळी स्नानाला जाताना तिनं ठरवलं, त्यांच्या दाराकडे बघायचं नाही. कुणी वचन पाळतंय की नाही याची राखण करणं हीही एक निंदाच. बुडी मारली, अर्घ्य दिलं, नेमाचं स्तोत्र म्हटलं. शब्द येत होते, मन नव्हतं. समिती गाडीनं यायची होती. केंद्राची जीप नेहमीप्रमाणे मैदागिनला, गल्ली संपते तिथं, नीलकंठरावांसाठी उभी असणार. जीपमध्ये बसायचं, स्टेशनवर हार घेऊन जायचं. किती सोपं होतं ते.

वर येताना गल्लीत पावलं ऐकू आली. समोरून एक गाय येत होती, म्हणून शरदिनी एका ओसरीवर चढून उभी राहिली. गाईच्या मागून नीलकंठराव येत होते. अंगावर रोजचा कोट नव्हता, साधा सदरा होता, आणि हातात काहीच नव्हतं. झाडूवाला बाजूला झाला, "प्रणाम बाबूजी, आज पैदल?" म्हणाला. त्यांनी फक्त हात जोडले. शरदिनी दिसली नसावी, किंवा दिसली असावी. ते थांबले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी दोन वाटा फुटत होत्या. डावीकडची मैदागिनला, जीपकडे. उजवीकडची पुलाकडे, जिथून रामनगरचे टेंपो सुटतात.

तिथं मात्र ते क्षणभर उभे राहिले. भिंतीला हात टेकवला, चप्पल नीट केली.

मग उजवीकडे वळले.